नाव एक, गावे अनेक

शहापूरहून आमच्याकडे येणाऱ्या लिखाणावर ‘जि. ठाणे’ असे न चुकता लिहिलेले असते. ती आद्याक्षरे गाळली, तर बेळगावलगतचे, साड्यांसाठी नावाजलेले शहापूर डोळ्यांपुढे येते. माहुलीचेही तसेच. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीसाठी अखेरची झुंज दिली तो माहुली किल्ला आसनगावजवळचा. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुली साताऱ्याची.

हे आठवण्यास कारण, या भागातील एका स्मरणिकेत वाचलेला लेख. संत बार्थोलोम्यू कल्याण बंदरात उतरले आणि मुरबाडवरून नाणेघाट चढून गेले, असे लेखक निःशंकपणे सांगतो. विधान भक्तिभावाने केलेले आहे. त्याची थट्टा करण्याचे आमच्या मनात नाही. त्यामागे विद्वानांची नावेही आहेत. फादर पेरुमालिल आणि डॉ. मोरायस यांनी या प्रेषिताची कार्यभूमी कल्याणच्या परिसरात शोधली. ‘सुखी’ म्हणवल्या जाणाऱ्या हिंदी लोकांत त्यांनी सुवार्ता सांगितली, असे एक जुने ग्रीक टिपण आहे. कल्याण म्हणजेही सुख. म्हणून ते लोक कल्याणचे! येथे आमचे पाऊल अडखळते. ‘सुखी’ हे विशेषण तेव्हा दक्षिण अरबस्तानालाही लावीत, आणि ‘हिंद’ या शब्दात कित्येक लेखक अरबस्तान व इथिओपिया खुशाल सामावून घेत.

नावाचे साम्य नेहमीच फसवे असते, असे मात्र नव्हे. सहाव्या शतकातील व्यापारी कॉस्मस ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहितो. हे उडुपीजवळचे कल्याणपूर असावे, असेही काहींचे मत आहे. परंतु कॉस्मसनेच अन्यत्र बंदरे क्रमाने दिली आहेत : सिंध, ओर्‍होथा, कल्लियाना, सिबोर आणि त्यानंतर मलबारची पाच. सिबोर म्हणजे चौल हे बहुतेकांस मान्य आहे. मग उडुपीला चौलच्या उत्तरेस कसे न्यावे? तांबे, शिसवी लाकूड आणि कापड हा कल्लियानाचा मालही तो नोंदवतो. शेजारची बंदरे आणि माल जुळल्यामुळेच हे कल्याण आपले, असे आम्ही म्हणतो. स्मरणिकेत कॉस्मसचे नावही नाही.

नाणेघाट खरा, त्यातील सातवाहन राणी नागनिकेचा लेख खरा, आणि कल्याणचा माल मुरबाडवरून जुन्नरकडे जाई हेही खरे. या खऱ्या वाटेवर लेखकाने प्रेषिताला चालवले आहे, आणि वाट खरी म्हणून वाटसरूही खरा ठरवला आहे. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर-कातकरी पाड्यांवरील आपल्या मुलांनी उद्या हे शाळेत सांगितले आणि गुरुजींनी पुरावा विचारला, तर त्यांनी काय दाखवावे?

१३२१ साली ठाण्यास चार फ्रान्सिस्कन हुतात्मे झाले. जॉर्डानस या धर्मबंधूने त्यांना सोपाऱ्यास पुरले; त्याची पत्रे आजही वाचता येतात. त्या घटनेला स्मरणिकेने दिली आहे एकच ओळ, तीही तारखेविना.