संत तुकाराम : कष्टाच्या बाजूने पाहताना

प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ची ओळख आपण ‘भक्तिपट’ अशी करून देतो आणि तिथेच थांबतो. ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. माझ्या मते हा मराठीतला कष्टाविषयीचा सर्वांत मोठा चित्रपट आहे. घरात दाणा नाही, पोरं भुकेली आहेत, गोठ्यातल्या म्हशीचंही बघायचं आहे आणि या सगळ्याची काळजी ज्याने वाहायची तो माणूस नामात बुडालेला आहे. चित्रपटाचे बहुतेक प्रसंग या पेचातून उभे राहतात.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात राहून हा चित्रपट पाहिला की तो पेच अधिकच जवळचा वाटतो. ज्या देहूची ही गोष्ट, त्या देहूच्या चहूबाजूंना आज कारखाने आहेत. तुकोबा ज्या भंडारा डोंगरावर एकांतासाठी जात, त्याच्या जवळून तळेगाव-चाकण रस्ता जातो आणि त्यावरून नव्या कोऱ्या गाड्या लादलेले ट्रेलर दिवसरात्र धावतात. तुकोबांच्या साधनेच्या भामचंद्र डोंगराच्या आसपास, शिंदे-वासुली आणि भांबोलीच्या परिसरात, चाकण औद्योगिक वसाहतीचा दुसरा टप्पा पसरला आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे चाकणचे. घाण्यावर तेल गाळणारा हा माणूस. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे. तुकोबा वाणी, संताजी तेली. गाथा जन्मली आणि टिकली ती हाताने काम करणाऱ्या माणसांमुळे, आणि प्रभातच्या मंडळींना याची पक्की जाण होती.

‘प्रभात’ १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. ‘संत तुकाराम’ १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला आणि तिथे वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दामल्यांचा हात ध्वनिमुद्रणावर बसलेला, फत्तेलाल कलादिग्दर्शनातले. दोघेही कंपनीत स्वतःच्या हातांनी काम करणारे भागीदार. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं, नवी पदं शांताराम आठवल्यांची. आठवल्यांनी बीज आणि झाडाविषयी लिहिलेलं पद इतकं अस्सल उतरलं की अनेकांना ते तुकोबांचंच वाटतं. परकाया प्रवेश म्हणतात तो हाच.

चित्रपटाची सुरुवात बारकाईने पाहावी. तुकाराम आपल्यासमोर बसून गातो आहे. डोळे मिटलेले, अंग स्थिर, चेहऱ्यावर कसलाही अभिनिवेश नाही. कॅमेराही घाई करत नाही. आपण जणू त्याच्या कीर्तनाला येऊन बसलो आहोत. मग तीच रचना देवळात सालोमालोच्या तोंडून ऐकू येते. आता ताना आहेत, हातवारे आहेत, समोरच्यांनी वाहवा करावी म्हणून केलेली खटपट आहे, आणि रचना आपलीच असल्याचा दावा आहे. शब्द एकच, पण एका गळ्यातून ते निष्ठेतून येतात आणि दुसऱ्या गळ्यातून चोरीच्या मालासारखे. अख्ख्या चित्रपटाचा संघर्ष दिग्दर्शकांनी एकही स्पष्टीकरण न देता, दोन गाणी शेजारी-शेजारी ठेवून मांडला. सालोमालो हे नाव गाथेतलंच आहे. आपल्या रचना स्वतःच्या म्हणून खपवणाऱ्या या माणसाविषयी तुकोबांनी लिहून ठेवलं आहे. वाशीकरांनी त्या उल्लेखातून पूर्ण खलनायक उभा केला.

विष्णुपंत पागनीस नाटकांत स्त्रीभूमिका करून आलेले आणि भजनात रमणारे. या भूमिकेत त्यांनी बोलणं आणि गाणं यांतली भिंतच काढून टाकली. बोलता बोलता त्यांचा आवाज कधी स्वरात जातो ते कळत नाही. त्या काळच्या बोलपटांत ‘आता गाणं सुरू होणार’ याची चाहूल लागायची. इथे ती लागत नाही. भोळ्यांचं संगीतही मागे राहतं, शब्दांवर चढत नाही. पागनीसांचा चेहरा लोकांनी इतका मनावर घेतला की पुढे कितीतरी घरांतल्या तसबिरींत तुकोबा म्हणून तोच चेहरा विराजमान झाला. नटाला याहून मोठी पावती मिळत नाही.

पण चित्रपट ज्या खांद्यावर उभा आहे तो खांदा तुकोबांच्या बायकोचा, आवलीचा आहे. गौरी या अभिनेत्रीने ही भूमिका केली. ती नाटकाच्या शाळेतून आलेली नव्हती. प्रभातमध्ये किरकोळ कामांपासून तिची सुरुवात झाली. तिच्या आवलीत अभिनयाची शोभा दिसत नाही, सवयीने काम करणारं शरीर दिसतं. पदर खोचण्याची तिची रीत, म्हशीपाशी तिचा वावर, पोरांवर खेकसताना त्यातूनच दिसणारी माया, हे सगळं रोज करणाऱ्या बाईचं आहे. ती तोंडाळ आहे, देवावर चिडते, नवऱ्याला फाडून बोलते. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने तिला ‘संताची कजाग बायको’ करून हसू वसूल केलं असतं. दामले-फत्तेलाल हसूही येऊ देतात, पण तिचा प्रश्न कधीच खोटा पाडत नाहीत. पोरांना खायला काय घालायचं, या प्रश्नाला वैकुंठातही सोपं उत्तर नाही, हे चित्रपट प्रामाणिकपणे मान्य करतो.

मुलगा आजारी पडतो आणि आवली हातात वहाण घेऊन विठ्ठलासमोर उभी राहते, तो प्रसंग मला या चित्रपटाचा गाभा वाटतो. ती देवाला जाब विचारते. भक्तीची भाषा तिला येत नाही, हिशेबाची येते: एवढं घेतलंस, बदल्यात काय दिलंस? हे दृश्य अपवित्र वाटत नाही, कारण तिचा राग आईचा आहे. गंमत अशी की तुकोबाही विठ्ठलाशी भांडतात, शब्दांत भांडतात. आवली वहाणेने भांडते. दोघांचंही देवाशी नातं इतकं घरचं आहे की भांडण शक्य होतं. वारकरी परंपरेचं याहून नेमकं चित्रण मी पडद्यावर पाहिलेलं नाही.

पुढे शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो. तुकोबा तो नाकारतात. संतचरित्रात नकार हाच प्रसंगाचा कळस असतो. इथे मात्र तो नजराणा घरात आल्यावर आवलीला आणि पोरांना काय वाटलं, तेही दिसतं. आयुष्यभर फाटकं नेसलेल्या बाईसमोर जरीचं कापड येतं आणि परतही जातं. तुकोबांचं वैराग्य थोर आहे, त्याची किंमत मात्र आवलीनेही मोजली आहे. पुरुषाच्या त्यागाचा हिशेब बाईच्या ताटातून वजा होतो, ही गोष्ट १९३६ सालच्या चित्रपटाने उपदेश न करता सांगितली.

त्याच वर्षी, फेब्रुवारी १९३६ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये चार्ली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ झळकला. आपल्या पट्ट्यातल्या माणसाने हे दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ पाहावेत असं मला मनापासून वाटतं. चॅप्लिनचा कामगार धावत्या पट्ट्यावर नट पिळतो आणि काम थांबलं तरी त्याचे हात पिळतच राहतात. जेवणाचा वेळ वाचावा म्हणून त्याच्या तोंडात घास भरणारं यंत्र येतं. चाकणच्या असेंब्ली लाइनवर उभ्या राहिलेल्या कुणालाही त्या दृश्यातला विनोद आणि त्यामागची भीती समजावून सांगावी लागत नाही. बोलपटाचं युग स्थिरावलेलं असतानाही चॅप्लिनने आपला चित्रपट जवळजवळ मूक ठेवला, आणि त्यात माणसाचा आवाज येतो तो बहुतेक वेळा यंत्रातून: मालकाचा पडद्यावरून, विक्रेत्याचा ध्वनिमुद्रिकेवरून. दामल्यांसारख्या ध्वनीच्या माणसाने त्याच वर्षी नेमकं उलट केलं. ‘संत तुकाराम’मध्ये आवाज अंगातून येतो, श्वासासह येतो, काम करता करता येतो. एका चित्रपटाने यंत्र माणसाचा आवाज कसा हिरावतं ते दाखवलं, दुसऱ्याने गरीब माणसाकडे आवाज हीच मोठी मिळकत असते हे दाखवलं. दोघांचे शेवटही जोडीने पाहण्याजोगे आहेत. चॅप्लिन आणि त्याची सोबतीण हातात हात घालून रस्त्याने निघून जातात. तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हा आवलीला सोबत बोलावतात, आणि ती येत नाही. तिला पोरं वाढवायची आहेत. मला तिचा हा नकार तुकोबांच्या वैकुंठगमनाइतकाच भव्य वाटतो. गरुड, आकाश, विमान हे सगळं पाहून झाल्यावर मनात उरते ती मागे राहिलेली बाई.

१९३६ नंतर ७६ वर्षांनी, २०१२ मध्ये, चंद्रकांत कुलकर्णी यांचा ‘तुकाराम’ आला. जितेंद्र जोशींचा तुकोबा, राधिका आपटेंची आवली. जुन्या चित्रपटाच्या प्रेमापोटी या चित्रपटाला कमी लेखणं अन्यायाचं होईल. प्रभातने जे सोडलं होतं ते या चित्रपटाने उचललं. तुकोबांचं बालपण, सावकारी करणारं सुखवस्तू घर, सतराव्या शतकातला तो भीषण दुष्काळ, पहिल्या बायकोचा आणि मुलाचा मृत्यू, आणि मग कर्जखतं इंद्रायणीत सोडून देण्याचा निर्णय. जुन्या चित्रपटात तुकाराम पहिल्या क्षणापासून संत आहे. नव्या चित्रपटात तो आपल्यासमोर संत होतो, आणि का होतो तेही कळतं. दुष्काळात माणसं मरताना पाहिलेल्या वाण्याने गहाणखतं बुडवली, हा प्रसंग मला कोणत्याही चमत्कारापेक्षा मोठा वाटतो. जोशींनी ती घालमेल जीव ओतून उभी केली आहे.

तरीही दोन्हींत निवड करायची तर माझं मत १९३६ कडे झुकतं. नवा चित्रपट कारणं देतो, त्यामुळे तुकोबा समजतात. जुना चित्रपट कारणं देत नाही, तो आपल्याला त्या घरात राहायला लावतो. समजणं आणि राहणं यांत मोठं अंतर आहे. प्रभातच्या चित्रपटातही उणिवा आहेत. सालोमालो इतका एकसुरी दुष्ट आहे की त्याच्या मत्सरामागचं माणूसपण कधी दिसत नाही. तुकोबांना मोहात पाडायला पाठवलेल्या गणिकेचं परिवर्तन फार झटपट उरकलं आहे. शिवाजी महाराजांच्या रक्षणाचा चमत्कार तंत्र म्हणून कौतुकाचा असला, तरी तो कथेच्या घरगुती पोताबाहेरचा वाटतो. मात्र आवलीचा एकही प्रसंग कच्चा नाही, आणि हे पारडं माझ्यासाठी जड आहे.

या चित्रपटातलं एक दृश्य आपण मात्र नुसतं कलेच्या नजरेने पाहू शकत नाही. धर्मपंडित रामेश्वर भटांच्या आज्ञेने गाथा इंद्रायणीत बुडवावी लागते, तुकोबा काठावर उपोषणाला बसतात आणि नदी वह्या परत देते. नदी इथे नुसती पार्श्वभूमी नाही. न्याय करणारी ती आहे. हीच इंद्रायणी आज देहूहून चिखली, मोशी, आळंदीकडे जाताना सांडपाणी आणि कारखान्यांची घाण पोटात घेते. आळंदीला तिच्यावर पांढरा फेस अनेकदा दिसतो. कार्तिकी एकादशीला लोक त्याच पाण्यात स्नान करतात. २००८ मध्ये शिंदे-वासुलीत डाऊ केमिकल्सच्या प्रकल्पाविरुद्ध वारकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं होतं. ज्याने हा चित्रपट नीट पाहिला आहे त्याला ते वाटायला नको होतं. इथला वारकरी नदीला आणि डोंगराला आपल्या ग्रंथाचाच भाग मानतो.

म्हणून माझी एक मागणी आहे. २००३ च्या आगीत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या जुन्या नायट्रेट प्रती जळाल्या, तेव्हा आपला वारसा किती नाजूक आहे हे कळलं. जे वाचलं आहे ते कपाटात ठेवून भागणार नाही, ते दाखवलं पाहिजे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी दरवर्षी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. पालखीच्या दिवसांत महापालिकेने चिंचवडच्या आणि आकुर्डीच्या नाट्यगृहांत हा चित्रपट चांगल्या प्रतीवरून, विनातिकीट दाखवावा. कारखान्यांनी तो पाळी सुटल्यावर कँटीनमध्ये लावावा. आणि तुम्ही तो पाहाल तेव्हा एक करा: तुकोबांवरून नजर थोडी बाजूला घ्या आणि आवलीकडे पाहा. या पट्ट्यातल्या हजारो घरांचं पोट जिच्या जिवावर चालतं ती बाई मराठी सिनेमाने १९३६ सालीच पूर्ण ओळखली होती. तिला तिचा मान देऊन हा चित्रपट पाहावा, एवढीच विनंती.