‘करून पहा’ : एका शीर्षकाचा अर्थविचार

१९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीच्या परिसर अभ्यासाच्या पाठ्यपुस्तकांत प्रयोगांवर ‘करून पहा’ हे शीर्षक आढळते. रूढ प्रयोगात ‘पहा’ हे येथे केवळ सहायक क्रियापद होय. विज्ञानात मात्र त्यास ‘निरखणे’ हा मूळ अर्थ परत लाभावयास हवा. नाशिक तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. तेथील प्राथमिक शाळेत तांब्याभर बर्फाचे पाणी ठेवले, तर बाहेरून थेंब जमतील. ‘तांब्या पाझरतो’ हे मुलाचे अनुमान चुकीचे, परंतु तपासण्याजोगे आहे : आतील पाणी रंगवावे, थेंब बिनरंगीच राहतात. हवेतील बाष्पाचा विचार येथून सुरू होतो. निष्कर्ष आधीच सांगितल्यास ‘करणे’ उरते, ‘पाहणे’ लोपते आणि प्रयोग निव्वळ आज्ञापालन ठरतो.