नाकारता न येणारी शक्यता

रहस्यकथेवर काही लिहा, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा मी कपाटातली पुस्तके काढून बसलो. पण मनात घोळत राहिली ती एक निराळीच कथा. मंत्री, पोलीस, अभियंते आणि वार्ताहर या सर्वांनी मिळून ती सांगितली आणि साऱ्या महाराष्ट्राने ती वाचली. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माझ्यासारख्या मास्तराने संगणकाच्या गोष्टीत तोंड घालावे का, असे कोणी म्हणेल. परंतु कथा कशी उभी राहते आणि कुठे कोसळते, एवढे मला कळते.

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि कोविडच्या त्या दिवसांत इस्पितळांची धावपळ झाली. आमच्या वाणगावात वीज जाणे ही बातमी नव्हे. मुंबईची गेली, ही बातमी! कारण त्याच दिवशी सांगण्यात आले. कळव्याच्या केंद्रात एका सर्किटची देखभाल चालू होती, सारा भार दुसऱ्यावर होता आणि त्या दुसऱ्यातच बिघाड झाला. असे झाले तर मुंबईला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून तिच्या स्वतःच्या विजेवर चालवायचे, अशी जुनी योजना होती. तीही त्या दिवशी टिकली नाही.

मग पाहुणा आला. 1 मार्च 2021 रोजी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला दिला : वीजयंत्रणेत 14 ट्रोजन हॉर्स सापडले, 8 जीबी माहितीचा हिशेब लागत नाही, घातपाताची शक्यता आहे. (ट्रोजन हा खरे तर व्हायरस नव्हे. व्हायरस आपणहून पसरतो; ट्रोजन सोंग घेऊन आत शिरतो. पण बातमीत दोन्ही एकाच पंगतीला बसले.) दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी सांगितले की, ती मानवी चूक होती. सायबर हल्ल्याशी तिचा संबंध नाही.

असला व्हायरस असू शकतो काय? निःसंशय असू शकतो. 2010 साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने इराणच्या नतांझमधली यंत्रे बिघडवली आणि बिघडवताना पडद्यावर सारे काही ठीक असल्याचे आकडे दाखवले. एखाद्या कादंबरीकाराने असे लिहिले असते, तर आम्ही त्याला अतिरंजित म्हटले असते. 23 डिसेंबर 2015 रोजी युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी दुरून ब्रेकर उघडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले.

आमच्या कथेत घोटाळा होतो तो नेमका इथेच. ‘असू शकतो’ आणि ‘होता’ यांच्यामध्ये जी दरी आहे, ती ‘शक्यता नाकारता येत नाही’ या एका वाक्याने बुजवली जाते. हे वाक्य खोटे नसते, म्हणूनच ते धूर्त असते. चौदा हा आकडा ऐकला की वाचकाला पुरावा मिळाल्यासारखे वाटते. पण घरात चौदा अनोळखी माणसे सापडली, म्हणून दिवा त्यांनीच विझवला असे होत नाही. बटणावर कोणाचा तरी हात दाखवावा लागतो. युक्रेनमध्ये तो दिसला. तिथल्या कर्मचाऱ्यांनी आपल्या पडद्यावर बाण आपोआप सरकताना पाहिला होता. आमच्या कथेत तो हात मला कुठेच आढळला नाही. उलट देखभाल, भार आणि फसलेली योजना, एवढ्या आधीच्याच पानांवर अंधाराचे कारण पुरेसे होते. भारतीय वीजसंस्थांच्या जाळ्यात चीनशी संबंधित ‘रेडएको’ टोळीचा वावर असल्याचा अहवाल रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीने त्याच सुमारास काढला. त्यातही मुंबईच्या अंधाराशी असलेला संबंध सिद्ध झालेला नाही, असे लिहिले होते. ते वाक्य पुष्कळांनी गाळून वाचले!

तथापि ‘मानवी चूक’ म्हणून पुस्तक मिटणाऱ्यांवरही माझा राग आहे. अंधार त्यांनी पाडला नसेल. पण ते चौदाजण सोंग घेऊन घरात आले कसे, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

वर्गात हा विषय निघाला, तेव्हा आठवीतल्या एका मुलाने विचारले, “मास्तर, आपल्या तारापूरच्या अणुकेंद्रात येईल का असला व्हायरस?” मी त्याला कुडनकुलमची हकिकत सांगितली. 2019 साली तिथल्या अणुकेंद्राच्या कार्यालयीन कामाच्या एका संगणकात असला शिरकाव झाला. अणुभट्टी चालवणारे जाळे वेगळे असल्याने त्याला धक्का लागला नाही, असे महामंडळाने 30 ऑक्टोबरला कबूल केले. नतांझची यंत्रेही बाहेरच्या जाळ्याला जोडलेली नव्हती, हे मी त्याला सांगितले. आणि कुडनकुलमच्या केंद्राने 29 ऑक्टोबरला काही झालेच नाही असे म्हटले होते, हेही लपवले नाही. त्याच्या वडिलांची पाळी तारापूरलाच असते.