दशावताराचे वाकडे कपाट

एरवी कवितासंग्रहांवर लिहिणाऱ्या माणसाने सुतारकामावर का लिहावे, असे संपादकांनी विचारले नाही. तरी सांगून टाकतो. एका कपाटाविषयी मी चुकीचा अभिप्राय दिला आणि त्याचा भुर्दंड ते करणाऱ्याला पडला.

कपाट निपाणीचे. करणारा माझा जुना विद्यार्थी. माप घेताना आकडे कानडीत पुटपुटतो, पटाशी बोटाला लागली की मराठीत ओरडतो. गावातल्या एका घराने त्याच्याकडे दिवाणखान्यासाठी ‘काहीतरी वेगळे’ मागितले. त्याने दहा खणांचे सागवानी कपाट केले, प्रत्येक खणावर गोल चकतीत एकेक अवतार. डावीकडे मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. यांत वरचा खण सर्वांत लहान आणि खाली ते वाढत जातात. उजवीकडे परशुरामापासून कल्कीपर्यंत, तिथे मात्र वरचा मोठा आणि खालचा इवलासा. बघताक्षणी कपाट कलल्यासारखे दिसते. घरमालकांनी मला बोलावले. मी चष्मा सारखा करून म्हणालो, “माप चुकलेय.” कपाट परत गेले.

पुढे वर्षभराने संकेश्वर, आजरा, आंबोली करत सावंतवाडीला गेलो. तिथल्या राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर पाहिले. ही कला विझत आली असताना शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती समजून घेतली आणि पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत अशी बारा, म्हणजे एकूण 120 गोल पाने. गंमत पुढेच आहे. पाच रंगांत दश्शी थोर आणि एक्का धाकटा. उरलेल्या पाचांत चढण उलटी, एक्का थोर आणि दश्शी धाकटी! मी तिथेच खाली बसलो. माप चुकले नव्हते. त्याने खेळाचा नियम लाकडात उतरवला होता.

आज पेट्यांवर, खुर्च्यांवर, तबकांवर गंजिफेची चित्रे दिसतात. ती देखणी असतात, पण खेळ सुटला आणि चित्र तेवढे उरले. या कपाटात मात्र चित्रे पुसली तरी गंजिफा उरते. दोन्ही रांगांची एकूण उंची सारखी, आणि मधले दोन खण, वराह व कृष्ण, अगदी एका मापाचे. तिथे डोळा विसावतो. उजवी बाजू वरून जड. भरलेला परशुराम पुरता ओढला तर कपाट पुढे झुकेल, म्हणून पुढचे पाय त्याने चार बोटे बाहेर काढले आहेत. एरवी ते बेढब दिसले असते, इथे ते पैलवानाच्या पवित्र्यासारखे शोभतात. खणांचे कोपरे पारव्याच्या शेपटीसारख्या खाचांनी एकमेकांत गुंतवलेले, खिळा नाही.

दोष आहेत, आणि ते लपवण्याइतका मी पश्चात्तापदग्ध नाही. चित्रे कॅलेंडरवरची वाटतात. गंजिफेचा चितारी चार रेघांत देव उभा करतो. इथे गालांवर छटा आहेत, दागिन्यांची गर्दी आहे. वर डब्यातल्या रंगाची चकाकी. आणि खेळातला सर्वांत गोड नियम, दिवसा रामाने सुरुवात करायची आणि रात्री कृष्णाने, तो त्याने हातातून घालवला. राम आणि कृष्ण लागोपाठच्या खणांत असूनही त्यांच्यात काहीच घडत नाही.

एक शंका मात्र मी त्याला विचारली. वामन बुटका, त्याला सर्वांत मोठा खण कसा?

“सर, तो नंतर वाढतोच की.”

“हे आधी ठरवले होतेस?”

“नाही. रांग लावल्यावर दिसले. मग तसेच ठेवले.”

घरमालकांना मी खरे काय ते सांगितले. ते हसले. तोवर त्यांच्याकडे सनमायकाचे सरळ कपाट आले होते. माझ्या विद्यार्थ्याने हे आता कारखान्यातच ठेवले आहे. वामनात रंधे, नरसिंहात पटाश्या, मत्स्यात पेन्सिलींचे तुकडे. कल्कीच्या खणाला पितळी मूठ आहे, पण तो उघडत नाही. आत पोकळीच नाही, सगळा भरीव सागवान. तो अजून यायचा आहे, असे त्याचे म्हणणे. येणारे गिऱ्हाईक ती मूठ एकदा ओढून पाहतेच. मीही ओढली.