'माझे' या सर्वनामाचे मोल

संगीतविषयक मराठी ग्रंथांच्या नावांवरून सहज दृष्टी फिरविली तरी एक गोष्ट लक्षात येते. गोविंदराव टेंबे यांच्या १९३९ च्या ग्रंथाचे नाव 'माझा संगीत व्यासंग'. केशवराव भोळे यांच्या १९६४ च्या ग्रंथाचे नाव 'माझे संगीत'. या दोहोंच्या दरम्यान, १९६१ मध्ये, वामनराव देशपांडे यांचा 'घरंदाज गायकी' प्रसिद्ध झाला. त्याच्या नावात मात्र हे सर्वनाम नाही. हा भेद योगायोगाचा समजून सोडून देता आला असता. परंतु तिन्ही ग्रंथ लागोपाठ वाचले असता असे दिसते की, नावातील हे सर्वनाम ग्रंथाच्या पद्धतीशी निगडित आहे. लेखकाने आपल्या आवडीला कोठे बसविले आहे, उंबरठ्यावर की देव्हाऱ्यात की पडद्याआड, हे त्यावरून कळू लागते.

विद्यापीठीय समीक्षेला आवडीचे नेहमीच वावडे असते. आवड व्यक्तिगत आणि निर्णय सार्वत्रिक, अशी विभागणी आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवितो, आणि 'आस्वादक' हे विशेषण अनेकदा किंचित हेटाळणीच्या सुरात उच्चारतो. पण मराठीत गायकीविषयी जे नीट लिहिले गेले, त्यातील फार मोठा भाग छांदिष्टांचा आहे. वामनराव व्यवसायाने चार्टर्ड अकौंटंट होते. भोळे वैद्यकाच्या शिक्षणासाठी मुंबईस आले आणि ते शिक्षण सोडून संगीताकडे वळले. या मंडळींच्या हातून काही मोलाचे कार्य झाले असेल, तर ते आवड असूनही झाले की आवडीमुळे झाले, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

टेंब्यांचे स्थान या दोघांहून वेगळे आहे. ते पेटीवादक, 'मानापमान' (१९११) च्या पदांचे संगीतकार, 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटात राजा हरिश्चंद्राची भूमिका करणारे नट. भास्करबुवा बखले यांच्या साथीला ते बसत. साथीदाराचे कान हे श्रोत्याच्या कानांपेक्षा निराळ्या शिस्तीत वाढलेले असतात: गायक पुढे कोठे जाणार हे त्याला क्षणभर आधी ओळखावे लागते आणि चूक झाल्यास ती तत्काळ सर्वांसमक्ष उघडी पडते. म्हणून टेंब्यांच्या 'माझा' या शब्दात मालकी नाही, साक्ष आहे. अमुक मैफलीत मी अमुक ठिकाणी बसलो होतो, तेथून मला असे ऐकू आले, एवढेच त्यांचे म्हणणे असते. त्यांच्या निवेदनात भक्तिभाव पुष्कळ आहे आणि तो कधी कधी वाचकाला जड होतो. परंतु भक्ती करणारा कोठे उभा आहे हे दिसत असल्यामुळे वाचकाला तिची वजावट करता येते.

भोळ्यांनी 'वसुंधरा' साप्ताहिकात तत्कालीन गायकांवर लेख लिहिले ते 'एकलव्य' या टोपणनावाने. या नावाचे औचित्य विचार करण्याजोगे आहे. गुरूच्या घरी पाणी न भरता, केवळ ऐकून आणि ध्यास घेऊन जे मिळाले त्याच्या बळावर मी बोलतो आहे, असा कबुलीजबाबच त्यात आहे. त्याबरोबरच थोडा अहंकारही आहे, कारण एकलव्याची विद्या अर्जुनापेक्षा उणी नव्हती. भोळ्यांची आवड आज्ञाधारक नाही. तिला मोठ्या नावाचा दरारा वाटत नाही. पुढे प्रभात कंपनीत संगीतदिग्दर्शक झाल्यावर या श्रवणाने काय साधले ते दोन चित्रपटांत पाहावयास मिळते. 'संत तुकाराम' (१९३६) मधील शांताराम आठवले यांचे एक गीत पुष्कळांना तुकोबांचाच अभंग वाटला. रचनेचे श्रेय आठवल्यांचे हे खरेच, पण चाल परकी वाटली असती तर हा भ्रम टिकला नसता. 'कुंकू' (१९३७) मध्ये तर वाद्यमेळाचे पार्श्वसंगीत जवळपास वर्ज्य करून नैसर्गिक ध्वनींवर भर दिला गेला. संगीतावर एवढे प्रेम असणाऱ्या माणसाने संगीत कोठे नको हे ठरविण्यात सहभागी व्हावे, ही आवड प्रौढ झाल्याची खूण होय.

आता 'घरंदाज गायकी'. मराठीत संगीताविषयी इतके सुसूत्र विवेचन त्यापूर्वी क्वचितच झाले असेल. १९७३ मध्ये त्याचे इंग्रजी रूपांतर झाले आणि अमराठी अभ्यासकांतही त्याची चर्चा झाली. वामनरावांची मांडणी थोडक्यात अशी: ख्यालगायनाची घटकद्रव्ये दोन, स्वर आणि लय. प्रत्येक घराणे या दोहोंचे निरनिराळे प्रमाण स्वीकारते. एका टोकाला किराणा, जेथे स्वराला प्राधान्य. दुसऱ्या टोकाला आग्रा, जेथे लयीला. आणि अल्लादियाखाँसाहेबांच्या जयपूर गायकीत या दोहोंचा तोल साधलेला. याच्या जोडीला दुसरा सिद्धान्त असा की, घराण्याचे मूळ त्याच्या प्रवर्तकाच्या आवाजाच्या जातीत शोधावे.

वामनरावांच्या गुरूंत जयपूर घराण्याच्या मोगूबाई कुर्डीकर होत्या. म्हणजे ज्या गायकीवर लेखकाचे प्रेम, तीच आराखड्याच्या मध्यभागी आली. एवढ्यावरून लेखकावर पक्षपाताचा आरोप करणे सोपे आहे, आणि तो काहीसा अन्यायाचा होईल. प्रश्न हेतूचा नाही, आराखड्याचा आहे. स्वर आणि लय ही एकाच रेषेची दोन टोके कल्पिली की एक वाढले म्हणजे दुसरे घटले असे आपोआप ठरते. पण अब्दुल करीमखाँच्या विलंबित आलापीत लय घटलेली असते काय? ती तेथे आघातांनी मोजली जात नाही, विस्तीर्ण अवकाशासारखी पसरलेली असते. समेवर येण्यातील हळुवारपणा हादेखील लयीचाच विलास आहे. उलट फैयाजखाँच्या बोलतानांत स्वर दुबळा होतो असे कोण म्हणेल? रेषा एकदा आखली की तिला मध्य असतोच, आणि 'समतोल' हा शब्द मराठी कानाला इतका गोड लागतो की, मध्य म्हणजे परिपूर्णता हे समीकरण सिद्ध करण्याची गरजच वाटेनाशी होते. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये लयतत्त्वाचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन प्रकार सांगितले. तेथे समतोल हा संघटनेचा एक प्रकार आहे. इतर दोहोंना कमी लेखून मिळालेले सिंहासन नव्हे. 'घरंदाज गायकी'त तो बराचसा सिंहासन होतो.

आवाजाविषयीचा सिद्धान्त अधिक कसदार आहे, म्हणूनच त्याची परीक्षा अधिक कठोर व्हावयास हवी. अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज मध्यंतरी बसला आणि त्यानंतर त्यांनी आपली गायकी नव्याने घडविली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ती या सिद्धान्ताला पोषकच होय. कुमार गंधर्वांच्या गाण्यातील लहान, तुटक, झेपावणाऱ्या स्वराकृतींचा संबंध त्यांच्या क्षयाच्या दुखण्याशी जोडला जातो, तेव्हाही आपण नकळत याच रीतीने विचार करीत असतो. पण गंगूबाई हनगल यांचे काय? त्यांचा आवाज उमेदीच्या काळातच, घशाच्या शस्त्रक्रियेनंतर, रुंद आणि खर्जाकडे झुकलेला झाला. अब्दुल करीमखाँच्या टोकदार, नाजूक आवाजाशी त्याचे काडीचेही साम्य नाही. तरीही त्यांची स्वरामागून स्वर उलगडत नेण्याची रीत निःसंशय किराण्याची. यावरून असे म्हणावे लागते की, आवाज घराण्याला जन्म देत असेल, पण एकदा जन्मलेली रीत आवाज बदलूनही जगते. ती कशाच्या आधारे जगते, याचे उत्तर वामनरावांच्या आराखड्यात मिळत नाही.

एवढे आक्षेप घेता येतात, हेच या ग्रंथाचे मोठे यश आहे. टेंब्यांच्या भक्तीशी वाद घालता येत नाही. वामनरावांशी घालता येतो. त्यांनी आवडीला कारणांची भाषा दिली, आणि कारणे दिली की ती तपासता येतात. मात्र त्याची किंमत म्हणून 'माझे' हे सर्वनाम गेले. लेखक कोणाकडे शिकला, कोणत्या गाण्याने त्याचे कान प्रथम तयार झाले, ही माहिती प्रतिपादनाच्या आत यावयास हवी होती. ती आली असती, तर जयपूर गायकी मध्यभागी का, याचे उत्तर वाचकाने स्वतःच शोधले असते आणि सिद्धान्ताचे काहीच बिघडले नसते.

येथे किंचित विषयांतर करून स्वयंपाकघरात डोकावणे अप्रस्तुत होणार नाही, कारण रुची हा शब्द आपण दोन्हीकडे वापरतो. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' (१९७०) या पाकपुस्तकाने घरोघर प्रवेश मिळविला तो वाटी आणि चमचा या मापांमुळे. 'अंदाजाने मीठ घालावे' असे म्हणणारी सुगरण खोटे सांगत नसते. पण तिचा अंदाज तिच्या हातापुरता असतो. मापामुळे तिची रुची दुसरीच्या हाती जाते. वामनरावांनी संगीतात हेच करून पाहिले. फरक इतकाच की, वाटी कोणाच्या घरची आहे यावर आमटीची चव अवलंबून नसते. गायकीच्या मापाची गोष्ट तशी नाही.

या तिघांच्या लेखनाची पडताळणी करण्याची साधने आज आपल्यापाशी पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. अब्दुल करीमखाँ, फैयाजखाँ, केसरबाई यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांचे पुनर्मुद्रण झाले आहे. त्यांच्याविषयी कोणी काय लिहिले, ते शेजारी ठेवून ऐकता येते. परंतु १९२२ मध्ये निवर्तलेले भास्करबुवा आणि १९४६ मध्ये निवर्तलेले अल्लादियाखाँ यांच्या बाबतीत आपल्यापुढे तबकडी नाही, शब्दच आहेत, आणि त्यांतील बरेचसे टेंब्यांचे आहेत. अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्रही त्यांनीच १९५४ मध्ये लिहिले. तेव्हा ज्यांचे गाणे ऐकावयास मिळते त्यांच्यासंबंधी टेंब्यांचे वर्णन कितपत नेमके उतरते, कोठे ते फुगते आणि कोठे आवरते, याचे कोष्टक प्रथम तयार करावे लागेल. तसे झाल्यास न ऐकलेल्या दोघांसंबंधीचे त्यांचे शब्द किती वजावट करून वाचावयाचे ते ठरविता येईल. पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी हा विषय पुरेसा आहे, आणि तो हाती घेणाऱ्याला मराठी गद्याबरोबरच तानपुऱ्याचीही थोडी ओळख असावी लागेल.