पोलिश गाणी आणि घरातले जाते

पोलंड आणि महाराष्ट्र यांचे नाते म्हटले की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. पहिली वळिवड्याची. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. दुसरी गोष्ट मॉरिस फ्रीडमन यांची. औंध संस्थानातल्या ग्रामराज्याच्या प्रयोगात हा पोलिश अभियंता सहभागी होता आणि पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे त्याने इंग्रजीत नेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि मोलाच्या आहेत. पण त्या सांगताना आपण उपकार आणि कृतज्ञता यांच्या पलीकडे सहसा जात नाही. त्या माणसांचे गाणे कसे होते, त्यात आपल्याला ओळखीचे काही आहे का, हा प्रश्न मागेच राहतो.

या लेखात तोच प्रश्न घेतला आहे. त्यासाठी मी चिंचवडच्या घरात एक मैफल मांडली. एक स्त्री-आवाज, एक पियानो, आणि शोपाँ, मोन्युश्को व शिमानोव्स्की हे तीन पोलिश रचनाकार. ध्वनिमुद्रणे ऐकायची, समोर स्वरलिपी उघडी ठेवायची आणि अडले की पेटीवर स्वर काढून पाहायचा. भोसरीच्या एका कारखान्यात पाळ्या करत असताना जुन्या बाजारातल्या एका पुस्तकावरून मी पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलो. माझ्या वाचनात चुका असतील, हे आधीच कबूल करतो.

पेटी आणि पियानो

मराठी श्रोत्याने प्रथम एक सवय बाजूला ठेवायला हवी. नाट्यगीतात किंवा भावगीतात पेटी गायकाच्या मागोमाग चालते, त्याच्या स्वराची सावली होते. या गाण्यांतला पियानो तसा वागत नाही. तो आपले वेगळे म्हणणे मांडतो, कधी गायिकेला विरोध करतो, तर कधी ती गप्प झाल्यावर तिच्या मनातले पुढे नेतो. सोप्रानो म्हणजे स्त्रीचा सर्वांत उंच आवाज, आपल्या भाषेत तार सप्तकात सहज वावरणारा. तो आवाज आणि हा पियानो अशी ही दोघांची जुगलबंदी असते, आणि दोघांनाही कवितेशी बांधून राहावे लागते.

शोपाँची पोलिश गाणी थोडीच, वीसच्या आत. त्याने ती छापली नाहीत. तो १८४९मध्ये गेला आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १८५९मध्ये, मित्र फोंताना याने त्यांतली बहुतेक प्रसिद्ध केली. पियानोतला शोपाँ ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती साधी वाटतील. मित्रमंडळींत बसून म्हणण्यासारखी ही गाणी आहेत, आणि त्यांचे मोलही तेच.

घरासाठी गाणे

स्तानिस्वाव मोन्युश्को (१८१९–१८७२) याने हा घरगुतीपणा जाणीवपूर्वक पत्करला. १७९५ ते १९१८ या काळात रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतलेला पोलंड स्वतंत्र देश म्हणून नकाशावर नव्हता. अशा काळात, १८४०च्या दशकात विल्नोहून त्याने ‘श्पेव्निक दोमोवी’ ही गीतमाला सुरू केली. नावाचा अर्थ घरगुती गाण्यांचे पुस्तक. दिवाणखान्यातल्या पियानोवर घरच्या मुलीबाळींनी गावे आणि त्या निमित्ताने मायबोली तोंडी राहावी, असा हा उद्योग. त्याचे एकूण १२ भाग निघाले, त्यांतले काही त्याच्या मृत्यूनंतर.

त्यातले ‘प्शोंश्निच्का’, म्हणजे सूत कातणारी, हे गाणे सर्वांत लोकप्रिय. शब्द यान चेचोतचे. मुलीचा प्रियकर नावेतून दूरदेशी जातो. निरोप घेताना रडतो तो; ती कातत बसते, तीन दिवस त्याची आठवण ठेवते. मग दुसरा तरुण येतो, तिचे मन वळते आणि हातातला धागा तुटतो. पियानोत चरख्याची गरगर अखंड चालू असते. प्रियकर रडत निरोप घेतो तेव्हा चाक थांबत नाही आणि मुलगी नव्या तरुणाकडे वळते तेव्हाही नाही. गंमत आहे ती इथेच. शब्द शेवटी मुलीला ‘लाज बाळग’ म्हणतात, पण पियानो तिला दोष देत नाही. चाक फिरते, दिवस जातात, धागा केव्हातरी तुटतो.

हे गाणे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला चरखा दिसलाच नाही. मला आमच्या घरातले जाते ऐकू आले. चाकणजवळच्या आमच्या गावी माझी आई पहाटे दळताना ओव्या म्हणायची. दगडाची घरघर आधी सुरू व्हायची आणि तिचा आवाज त्यावर नंतर बसायचा. ओवी संपली तरी घरघर चालूच असायची, जणू पुढच्या ओवीसाठी जागा धरून ठेवलेली. मोन्युश्कोच्या पियानोचे नेमके हेच काम आहे. ‘घरगुती गाणी’ या शब्दांचा दुसरा अर्थ मला वळिवड्यामुळे कळला. घरच हिरावले गेलेल्या बायका माळरानावरच्या बराकींत शाळा, चर्च आणि मुलांची स्काउट पथके उभी करतात, तेव्हा घर ही जागा उरत नाही. ते बोलण्यात, म्हणण्यात, मुलांना शिकवण्यात राहते. त्या बराकींत पुढे फाळणीतले सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर वसले. घराची ही गोष्ट तिथे दोनदा घडली.

बंगालीतून युक्रेनपर्यंत

मैफलीचा गाभा मात्र करोल शिमानोव्स्की (१८८२–१९३७). १९१८मध्ये त्याने रवींद्रनाथ ठाकुरांच्या कवितांवर चार गाणी रचली. रचना क्रमांक ४१. काळ बिकट होता. आज युक्रेनमध्ये असलेल्या तिमोशुव्का गावातले त्याचे वडिलोपार्जित घर क्रांतीच्या धुमाकुळात नुकतेच उद्ध्वस्त झाले होते. पियानो तळ्यात ढकलले गेले असे सांगतात. त्याच्या हाती ‘द गार्डनर’ या १९१३च्या इंग्रजी संग्रहाचा जर्मन अवतार होता. बंगालीतून कवीनेच केलेले इंग्रजी, त्यावरून जर्मन आणि मग स्वर. आज ही गाणी जर्मनमध्येही गातात आणि पोलिशमध्येही.

मधल्या दोन गाण्यांत एक मुलगी आईशी बोलते. पहिल्यात राजपुत्र आज दारावरून जाणार म्हणून तिला सजायचे आहे. तो वर पाहणार नाही हे तिला ठाऊक आहे, तरीही. दुसऱ्यात तो जाऊन चुकला आहे. तिने गळ्यातला मणिहार त्याच्या वाटेवर फेकला, तो रथाच्या चाकाखाली चिरडला, आणि देणे काय होते, कोणासाठी होते, हे कुणालाच कळले नाही.

इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मूळ बंगालीत, ‘खेया’ या संग्रहात, या दोन वेगळ्या कविता आहेत: ‘शुभक्षण’ आणि ‘त्याग’. इंग्रजी करताना रवींद्रनाथांनी त्या एकाच क्रमांकाखाली, सातव्यात, जोडल्या. शिमानोव्स्कीने त्यांची पुन्हा दोन गाणी केली. दोन अनुवाद ओलांडून आलेल्या मजकुरातला सांधा त्याच्या कानाने हेरला. माझ्या मते त्याच्या कवितावाचनाला याहून मोठी पावती नाही. पहिल्या गाण्यात उतावीळ आवाज वर वर झेपावतो. दुसऱ्यात तीच झेप आहे, पण खाली आधार नाही.

या गाण्यांत भारत किती, असे विचारले तर उत्तर आहे: जवळजवळ नाही. ना राग, ना बंगाली चाल. ‘पौर्वात्य’ अत्तर शिंपडलेली युरोपीय गाणी, हा त्यांच्यावरचा आक्षेप पहिल्या गाण्यापुरता मला पटतो. तिथे गोडवा शब्दांवर साचतो. चौथे, निरोपाचे गाणे मला पातळ वाटते. पण मधल्या जोडीला हा आक्षेप लागू होत नाही. तिथे नटवलेली पूर्व दिसत नाही. दिसते ती घरातली मुलगी, जिचे बोलणे आईखेरीज कुणी ऐकत नाही. आपल्या भावगीतातली नायिका बहुधा सखीशी बोलते. आईशी बोलते ती ओवीतली सासुरवाशीण. म्हणून ही जोडी मला भावगीतापेक्षा ओवीच्या जवळची वाटते.

कुर्पियेची गाणी आणि एक राहिलेले काम

शिमानोव्स्की पुढे स्वतःच या वाटेवरून वळला. कुर्पिये या जंगलपट्टीतली लोकगीते स्क्येर्कोव्स्की नावाच्या पाद्र्याने गावोगाव फिरून टिपली होती. त्यांतल्या १२ गाण्यांना शिमानोव्स्कीने १९३० ते १९३२ या काळात आवाज आणि पियानो यांच्यासाठी रूप दिले. रचना क्रमांक ५८. चाली खेड्यातल्या, आणि भोवतीचा पियानो मात्र विसाव्या शतकातला, कठोर, काटकसरी. चालीला नटवायचे नाही आणि एकटेही सोडायचे नाही, ही कसरत त्याला इथे साधली. सबंध मैफलीत मी याच गाण्यांना पहिला मान देईन.

कुणी म्हणेल, मैफलीचे गाणे आणि कष्टाचे गाणे यांची तुलनाच गैर आहे. दळणारी बाई श्रोत्यांसाठी गात नाही, हे खरे. म्हणूनच टिपून ठेवणारा कुणीतरी लागतो. आपल्याकडे ते काम झाले आहे. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइतवाँ यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, गाणारीच्या आणि गावाच्या नावानिशी.

त्या संग्रहात माझी आई नाही. आमच्या भागात कारखाने आले, मी कंपनीच्या बसने जाऊ-येऊ लागलो, गावात पिठाची गिरणी झाली आणि जाते अंगणात गेले. तिच्या ओव्या मी कधी लिहून घेतल्या नाहीत. कुर्पियेच्या बायकांच्या १२ चाली आज मला पेटीवर काढता येतात. आईची एक चाल आठवते, शब्द नाहीत. अंगावरचा दागिना काढून वाटेवर टाकणारी मुलगी मला कळली ती फार उशिरा; रथात मी बसलो होतो.

चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात कधीतरी अशी एक संध्याकाळ व्हावी: पूर्वार्धात कुर्पियेची गाणी, उत्तरार्धात खेड-मावळच्या बायकांच्या ओव्या, जाते रंगमंचावर ठेवून. त्या ओव्यांना पियानो जोडू नये. दगडाची घरघर पुरे आहे. आणि तोवर, ज्यांच्या घरात कुणी आई, आत्या, मावशी अजून दोन ओव्या म्हणू शकते, त्यांनी या दिवाळीत त्या टिपून घ्याव्यात, म्हणणारीच्या आणि गावाच्या नावासकट.