‘बॉबी’, उंदरांची पिल्लं आणि आडत्याचा मुलगा

आमच्या लॅबमध्ये उंदरांची पिल्लं जन्मली की एक-दोन दिवसांच्या आत कधीकधी आम्ही त्यांची अदलाबदल करतो. हिची पिल्लं तिच्या घरट्यात, तिची हिच्याकडे. याला क्रॉस-फॉस्टरिंग म्हणतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण आया बहुतेक वेळा निमूट सांभाळतात. हे करायचं कारण असं, की पिल्लू मोठं होऊन आईसारखं वागलं तर ते रक्तातून आलं की वाढवण्यातून, हे एकाच घरट्याकडे बघून कधीच कळत नाही.

१९९९ साली ‘सायन्स’मध्ये मायकेल मीनी यांच्या गटाचा एक शोधनिबंध आला होता. आमच्या क्षेत्रात तो सगळ्यांनी वाचलेला असतो. काही उंदरीण आया पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. त्यांच्या मुलीही पुढे तशाच आया होतात. वाटेल की आनुवंशिक आहे. पण कमी चाटणारीची पिल्लं जास्त चाटणारीकडे वाढवली, तर त्या मुली सांभाळणारीवर गेल्या. म्हणजे गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या उतरत होती, वारसा होता, पण जनुकांतून आलेला नव्हता.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे दिवाळीत घरी गेले तेव्हा आईबरोबर ‘बॉबी’ पाहिला. १९७३ चा. ‘मेरा नाम जोकर’ आपटल्यावर राज कपूरनं काढलेला, ऋषी कपूर आणि डिंपलचा. श्रीमंत मुलगा, गरीब मुलगी, दोन्हीकडचे बाप आडवे, पोरं पळून जातात. हा साचा नंतर इतक्या जणांनी वापरला की मूळ सिनेमा बघताना नक्कल बघतोय असं वाटतं. मी अर्धं लक्ष मोबाईलमध्ये ठेवून बसले होते. मग दुर्गा खोटे आल्या आणि मी मोबाईल खाली ठेवला.

कारण त्या मिसेस ब्रॅगँझा. बॉबीची आजी, आणि लहानपणी राजला सांभाळणारी बाई. आईबापांना वेळ नाही, पोरगं हिच्या अंगाखांद्यावर वाढतं, आणि मग त्याला बोर्डिंगमध्ये पाठवतात. अठराव्या वाढदिवसाला म्हातारी नातीला घेऊन येते, तर बंगल्यात तिला कुणी विचारत नाही. ती निघून जाते. दुसऱ्या घरट्यात वाढलेलं पिल्लू! राजला मासेमाराच्या घरात शिरताना अजिबात अवघडल्यासारखं होत नाही, याचं उत्तर सिनेमानं पहिल्याच भागात दिलेलं आहे. नंतर मात्र सिनेमाच ते विसरतो. त्याला सिद्ध करायचं असतं की प्रेम आंधळं असतं आणि पोरांची मनं कोरी पाटी असतात. पण राजची पाटी कोरी नाहीये. तिच्यावर ब्रॅगँझाबाईंचं अक्षर आहे.

इथं एक अडचण आहे, ती लपवत नाही. मुंबई-पुण्यात हजारो श्रीमंत मुलं कामवाल्या मावशींच्या हातची वाढतात आणि मोठी होऊन त्याच मावशींना वेगळा कप देतात. नुसता सहवास पुरत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच म्हटलं होतं, की सहवासानं पूर्वग्रह कमी व्हायचा तर दोघांचा दर्जा त्या जागी तरी समान हवा, काम एकत्र करायचं असावं, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा असावा. मालकाचं पोर आणि पगारी बाई यांत यातलं काय असतं? त्यामुळे राजचं माझं निदान अर्धंच खरं आहे.

उरलेलं अर्धं समजून घ्यायला दिल्लीतला एक अभ्यास बघा. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाचा, २०१९ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आलेला. २००७ पासून दिल्लीतल्या अनेक महागड्या खासगी शाळांना नव्या वर्गात २० टक्के जागा गरीब मुलांना फी न घेता द्याव्या लागल्या. त्यामुळे एकाच शाळेत वरच्या वर्गात सगळी श्रीमंत मुलं आणि खालच्या वर्गात मिसळलेली, अशी आयती तुलना मिळाली. त्यात काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या अक्षरक्रमानं पाडलेले. म्हणजे तुमचं नाव काय यावर तुमच्या गटात गरीब मूल येणार की नाही हे ठरत होतं. यापेक्षा चांगली अदलाबदल माणसांवर करता येत नाही (नैतिकता समिती आम्हाला उंदरांवरसुद्धा सहज करू देत नाही).

मग या मुलांची रिले शर्यत लावली. जोडीदार निवडायचा: जास्त जोरात पळणारा गरीब मुलगा की हळू पळणारा श्रीमंत? बक्षीस ५०० रुपये असताना फक्त ६ टक्के मुलांनी हळू श्रीमंत निवडला. बक्षीस ५० रुपयांवर आणलं तर जवळजवळ एक तृतीयांश मुलांनी. पूर्वग्रहाला किंमत असते आणि ती रुपयांत मोजता येते, हे मी इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती, त्यांच्यात हा भेदभाव कमी होता, आणि ती गरीब मुलांबरोबर खेळायला जायलाही जास्त तयार होती. इंग्रजीच्या गुणांवर थोडा वाईट परिणाम दिसला, हिंदी-गणितावर नाही.

आता ‘बॉबी’चा शेवट आठवा. पोरं धबधब्यात उडी टाकतात, प्राणनं केलेले नाथसाहेब बॉबीला वाचवतात, प्रेमनाथनं केलेला जॅक ब्रॅगँझा राजला वाचवतो. बापांनी पोरं बदलली! मी सोफ्यावरून ओरडलेच, “क्रॉस-फॉस्टरिंग!” आई दचकली. पण ही अदलाबदल खोटी आहे. आयुष्यभराचं साचलेलं एका उडीत वाहून जातं म्हणे. दिल्लीच्या पोरांना रोज एकाच बाकावर बसावं लागलं, वर्षानुवर्षं.

माझा खरा राग मात्र दुसऱ्याच प्रसंगावर आहे. जॅक लग्नाचं बोलायला जातो आणि नाथ त्याला म्हणतो की तू पोरीला पुढे करून माझ्या पैशावर डोळा ठेवलायस. वर पैसेही देऊ करतो. जॅक भडकतो, उलट अपमान करतो. तिथून पुढे सिनेमा दोघांना एकाच तराजूत घालतो. दोघे हट्टी बाप, दोघांचा अहंकार, बिचारी पोरं. हे गणित चुकीचं आहे. नाथ ज्यांना ओळखत नाही त्यांच्याबद्दल अंदाज बांधतोय. जॅकचं मत समोर टाकलेल्या नोटांवरून झालेलं आहे. एकाकडे फक्त समजूत आहे, दुसऱ्याकडे निरीक्षण. (फरीदा जलालनं केलेल्या मतिमंद मुलीशी व्यवहारापायी राजचं लग्न ठरवायचं, त्यात ती मुलगी फक्त विनोदापुरती, यावर तर वेगळं लिहायला हवं.)

हे मला इतकं का लागतं, तर माझे वडील लातूरच्या मोंढ्यात हमाल होते. अकरावीत क्लासला एक मुलगा होता, एका आडत्याचा. वडिलांच्या आडत्याचा नव्हे, दुसऱ्याच. रोज दोन बाकं सोडून बसायचा आणि माझ्याकडे बघायचा, मीही बघायचे, एवढंच. एकदा मी तापानं आठवडाभर गेले नाही, तर त्यानं सगळ्या नोट्स झेरॉक्स करून आणल्या. घरी आईनं त्या बघितल्या. “आडत्याच्या घरचं काही घ्यायचं नाही. ते फुकट काही देत नसतात, खात्यावर लिहितेत.” दुसऱ्या दिवशी मी ऐंशी रुपये त्याच्या वहीत ठेवले. त्यानं ते बघितले आणि काहीच बोलला नाही. नंतर बाक बदलला.

कित्येक वर्षं मी स्वतःला जॅक समजत होते, स्वाभिमानी वगैरे. त्या दिवशी सिनेमा बघताना कळलं की नोटा काढून ठेवणारी मीच होते. आईचं म्हणणं खोटं नव्हतं. तिनं उचल बघितली होती, पट्टीतली कपात बघितली होती, आजारपणात घेतलेले पैसे तीन वर्षं फिटले नाहीत तेही. तिच्याकडे डेटा होता. पण तो त्या मुलाचा नव्हता. तो जसाच्या तसा मी घेतला, न तपासता. संख्याशास्त्राच्या पेपरात हीच चूक एखाद्या विद्यार्थ्यानं केली तर मी गुण कापते.

आणि इथंच दिल्लीच्या अभ्यासाबद्दल माझी तक्रार आहे. त्याचा मुख्य प्रश्न श्रीमंत मुलं किती बदलली हा आहे. त्या वर्गात बसलेल्या गरीब मुलांच्या मनात काय बदललं? त्यांच्या आयांनी शाळेच्या पहिल्या दिवशी काय बजावून पाठवलं होतं? तो वारसा कुणी मोजायचा?

आपल्याकडे तर मोजण्याआधी बाक टिकवण्याचीच मारामारी. शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळांत २५ टक्के जागा दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला म्हणून बरं. त्या वेळी व्हॉट्सॲपवर पालकांचं जे चाललं होतं ते मी वाचलंय. नाथसाहेब ५० वर्षांत फार बदललेले नाहीत, आता ते ‘कल्चर’ म्हणतात. त्या शब्दात पैसा किती आणि जात किती, हे ‘सैराट’ पाहिलेल्यांना मी काय सांगणार.

सिनेमा संपल्यावर मी आईला हे सगळं समजावून सांगितलं, उंदरांसकट. ऐंशी रुपयांचं मात्र नाही सांगितलं. तिनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं.

“ते ठीकंय,” ती म्हणाली. “पण पोरगं बोर्डिंगात घातलं तेव्हा त्या म्हातारीचा हिशेब केला होता का त्यांनी?”

मी पुन्हा मागे नेऊन बघितलं. सिनेमात तसं काही दाखवलेलं दिसलं नाही.